जागच्या जागी

घरात नवी वस्तू आली की पहिला प्रश्न जागेचा निघतो. फ्रिज कुठे ठेवायचा, शिलाई मशीन कोणत्या खिडकीखाली सरकवायचं, पेटी पलंगाखाली ढकलायची की माळ्यावर चढवायची. मोहल्ल्यातल्या घरांत हा हिशेब बायकांना तोंडपाठ असतो. सायकलीबद्दल मात्र हा प्रश्न कुणी विचारत नसे. सायकल घराबाहेरच असायची. भिंतीला टेकवलेली, साखळीने खांबाला बांधलेली, पावसात पोत्याने झाकलेली. पाववाल्याची, बांगडीवाल्याची, कल्हईवाल्याची, पाळीवर जाणाऱ्या कामगाराची. ती रोजीची वस्तू होती, आणि रोजीच्या वस्तूला कुणी दिवाणखान्यात बसवत नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत सायकल घरात आली. ही हौसेची सायकल. तिची किंमत ऐकून जुनी माणसं कानाला हात लावतात. ती भिंतीवर टांगली जाते, तिला मऊ फडक्याने पुसलं जातं, तिच्यासाठी वेगळा पंप आणि वेगळं तेल येतं. काही घरांत तर ती यंत्राला जोडून जागच्या जागी चालवली जाते. आम्ही तिघं भावंडं असे हौशी सायकलवाले आहोत. आपा पुण्यात कोंढव्याला राहते, मधला भाऊ मुंब्र्याला, आणि धाकटा मिरजेत अब्बांच्या घरात. तिन्ही घरांत मिळून पाच सायकली आहेत. त्या कशा ठेवाव्यात, त्यांना काय लागतं, घरात बसून सराव कसा करावा, हे लोक आम्हाला विचारतात. ते सांगता सांगता दुसरीही एक गोष्ट सांगावी लागते. सायकल घरात आली, पण घरातलं कोण तिच्यावर बसलं?

मिरजेत अब्बांचं सायकलचं दुकान होतं. भाड्याच्या बारा सायकली, प्रत्येकीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात आकडा. तासाला चार आणे, पुढे आठ आणे, शेवटी शेवटी दोन रुपये. मिरज हे रेल्वे जंक्शनचं, दवाखान्यांचं आणि सतारींचं गाव. पेशंटला डबा पोहोचवणारे नातेवाईक, रेल्वेतली माणसं, शाळा सुटल्यावर नळीखालून पाय घालून कैची मारणारी पोरं, सगळे वहीत नाव लिहून सायकल न्यायचे. रात्री सायकलीला दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. मग माणूस सायकल ढकलत दुकानात यायचा आणि अब्बा काही न बोलता पंप त्याच्या हातात द्यायचे. पुढे हप्त्यावर मोटारसायकली मिळू लागल्या, भाड्याच्या सायकली उभ्याच राहू लागल्या. १९९८ साली दुकान बंद झालं. २००४ साली अब्बा गेले.

आमचं सायकलीचं सगळं शिक्षण त्या दुकानात झालं. पंक्चर काढणं हा पहिला धडा. ट्यूब बाहेर काढायची, हवा भरायची, पाण्याच्या घमेल्यात फिरवत बुडबुडे शोधायचे. जागा सापडली की ती कोरडी करून खूण करायची, कानशीने घासायची, सोल्युशनचा पातळ हात द्यायचा. त्यानंतरची पायरी नवशिक्याला जमत नाही, ती म्हणजे थांबणं. सोल्युशन बोटाला ओलं लागेनासं झाल्यावरच ठिगळ बसवायचं. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवायचं, कारण काटा अजून तिथेच असतो. "पहले काँटा निकालो," अब्बा म्हणायचे. काटा तसाच राहिला तर नवीकोरी ट्यूबही गल्लीच्या टोकापर्यंत टिकत नाही.

'पंक्चरवाले' हा शब्द अलीकडे शिवीसारखा वापरला जातो. ऑफिसात, मोबाइलवर, भाषणांत. ऐकणाऱ्याने मान खाली घालावी अशी बोलणाऱ्याची अपेक्षा असते. आम्हाला तो शब्द ऐकला की घमेल्यातलं पाणी आठवतं, आणि त्या पाण्यावर शिकलेली तीन पोरं आठवतात. आमच्या शाळेची फी, वह्या, ईदचे कपडे, आपाचं लग्न, सगळं त्या घमेल्यातून निघालं. आज महागड्या सायकलीवरून निघालेला साहेब दहा किलोमीटरवर ट्यूब फुटली की रस्त्याच्या कडेला उभा राहून फोन लावतो, तेव्हा आम्हाला त्याची कीव येत नाही, हसूही येत नाही. आम्ही उतरतो आणि काटा शोधतो.

आता आपाबद्दल. आठव्या वर्षी आपा कैची मारायला शिकली. बाराव्या वर्षी ते थांबलं. कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही. दादी एवढंच म्हणाली, "अब बस हुआ गे, बड़ी हो गई." मोहल्ल्यातल्या प्रत्येक मुलीबाबत हे वाक्य कधी ना कधी बोललं जायचं आणि त्यावर अपील नसायचं. अब्बा तेव्हा काही बोलले नाहीत.

पण दुकानाच्या मागच्या भागात, गोणपाटाच्या पडद्याआड, दुरुस्तीला आलेल्या सायकली उभ्या असायच्या. जुन्या काळ्या सायकलीचं मागचं स्टँड लावलं की मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर उचललं जायचं. सीटवर बसून पायडल मारलं की चाक गरागरा फिरायचं आणि सायकल जागची हलायची नाही. असरच्या नमाजीनंतर गिऱ्हाईक कमी असे. त्या वेळी आपा पडद्यामागे जायची आणि स्टँडवरची सायकल चालवायची. अर्धा अर्धा तास. एके दिवशी आम्ही पाहिलं, अब्बांनी त्या स्टँडच्या पायांना लोखंडी पट्टी वेल्डिंग करून घेतली होती, स्टँड डगमगू नये म्हणून. त्या मोहल्ल्यात त्या माणसाला जेवढं करता येत होतं तेवढं त्यांनी केलं.

त्यांनी आणखी एक केलं. चाकाची आउट काढायचं काम त्यांनी आपाकडे दिलं. चाक फिरवायचं, रिंगेजवळ खडू धरायचा. जिथे खडूची रेघ उमटते तिथे रिंग त्या बाजूला झुकलेली असते. मग त्या बाजूची तार किंचित सैल, समोरच्या बाजूची किंचित घट्ट. पाव आटा, कधी त्याहून कमी. हे काम घाईच्या माणसाचं नाही. आपाने काढलेली आउट महिनोन्‌महिने टिकायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "मिस्त्रीच्या हाताला खोड नाही." तो मिस्त्री पडद्यामागे बसलेली तेरा वर्षांची मुलगी आहे हे कुणाला माहीत नव्हतं. सायकलीचा असा एकही भाग नव्हता जो आपाने उघडून पुन्हा बसवला नव्हता. फक्त ती सायकलीवरून कुठे गेली नव्हती.

जागच्या जागी चालणारी सायकल आम्ही आणखी एका ठिकाणी पाहिलेली. बकरी ईद जवळ आली की धार लावणारा दाराशी यायचा. सायकल स्टँडवर चढवायचा, मागच्या चाकावरून पट्टा घेऊन सहाणेचं चाक फिरवायचा आणि पायडल मारत सुरीवर ठिणग्या उडवायचा. दिवसभरात तो कितीतरी मैलांचं पायडल मारत असेल, आणि तरी दाराशीच असायचा. मिरजेत या कामाला मान होता. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनीच इथे पुढे सतारी घडवल्या. जागच्या जागी केलेली मेहनत वाया जात नाही, हे आम्हाला असं लहानपणीच कळलं होतं. मात्र धार लावणारा संध्याकाळी स्टँड काढायचा आणि सायकलीवर बसून घरी जायचा.

आपा १९८८ साली लग्न होऊन पुण्याला गेली. पुण्याला तेव्हा सायकलींचं शहर म्हणत. कॉलेजच्या मुली, शिक्षिका, नर्सबाई सकाळी सायकलीवर दिसायच्या. आपा त्यांना बसच्या खिडकीतून पाहायची.

हौसेची सुरुवात मधल्याने केली. २०१२ साली डॉक्टरांनी साखर सांगितली आणि व्यायाम करा म्हणाले. त्याने गिअरची सायकल घेतली. घर एक खोली आणि स्वयंपाकघराचं. जिन्याखाली ठेवलेली पहिली सायकल आठवड्याभरात चोरीला गेली. दुसरी आणली तेव्हा वहिनींनी स्वतःच सांगितलं, भिंतीवर टांगा. लहान घराला याहून चांगला उपाय नाही. पुढचं चाक वर हुकात अडकवून सायकल उभी टांगायची, म्हणजे जमिनीवर फार थोडी जागा अडते. हुकाआधी भिंत पाहावी. वीट किंवा काँक्रीट लागेपर्यंत ड्रिल आत जायला हवं, त्यात प्लग, मग स्क्रू. नुसत्या गिलाव्यात किंवा प्लायच्या पार्टिशनवर भरवसा ठेवू नये. हौसेची सायकल बारा ते पंधरा किलोची असते, जुनी काळी सायकल वीस किलोच्या आसपास जाते. हुकाला रबर हवं, नाहीतर रिंगेवर ओरखडे पडतात. आणि सायकल तेलाच्या ब्रेकची असेल तर खाली उतरवल्यावर निघण्याआधी ब्रेकची मूठ चार वेळा दाबून पाहावी. उभं टांगल्याने आतला हवेचा बुडबुडा सरकतो आणि मूठ पोकळ लागते.

मुंब्र्याला खाडीची हवा. लोखंड गंजायला तिथे पाऊसही लागत नाही. मधला दर आठवड्याला चेन जुन्या बनियनने पुसतो, प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूला तेलाचा एक थेंब सोडतो, थोडा वेळ थांबतो आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाकतो. तेल चेनच्या आत हवं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. वर्षातून एकदा सीटची दांडी बाहेर काढून तिला ग्रीस लावावं, नाहीतर ती आतच जाम होऊन बसते.

मिरजेत धाकट्याला जागेची अडचण नाही. ओसरी आहे, मागची खोली आहे. तिथे अब्बांची सात नंबरची सायकलही अजून उभी आहे. पण मोठ्या घराचीही काळजी असते. ऊन थेट पडलं तर टायर चिरतात. बिनहवेच्या टायरवर सायकल महिनोन्‌महिने उभी राहिली तर टायर कडेने मोडतो. म्हणून चालवत नसाल तरी महिन्याला हवा भरावी, किंवा चाकं जमिनीवरून उचलून ठेवावीत. धाकट्याची खरी डोकेदुखी मात्र वेगळी आहे. सात नंबरला जुना वालट्यूबचा व्हॉल्व्ह, त्याच्या सायकलीला मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह, आणि आपाकडून आलेल्या तिसरीला बारीक लांब व्हॉल्व्ह. वरची छोटी चकती सैल केल्याशिवाय त्यात हवाच जात नाही. तिघांना मिळून एक पंप चालवायचा तर दोन जोड खिशात ठेवावे लागतात. ईदला आम्ही जमलो की अर्धा तास याच चर्चेत जातो.

नव्या माणसाने सामान कोणत्या क्रमाने घ्यावं? आमचा क्रम अब्बांच्या दुकानातून आलेला आहे. आधी हवा. काटा असलेला, उभं राहून मारायचा पंप घ्यावा. टायरच्या कडेला किती दाब हवा ते छापलेलं असतं, तो आकडा वाचावा. मग दिवे, पुढे पांढरा, मागे लाल. मग हेल्मेट. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावं, पट्टे कानाखाली जुळावेत, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतपतच सैल असावेत. जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी पुन्हा घालू नये. मग कुलूप. ते नुसतं चाकाला न लावता फ्रेम आणि चाक दोन्ही पक्क्या खांबाला बांधील असं हवं. आणि सीटखाली एक पिशवी. तीत एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, षटकोनी चाव्यांचा संच, ठिगळाचं सामान. कपड्यांचा क्रम शेवटी. गादीची चड्डी घ्यावी आणि ती सलवारीच्या किंवा पँटच्या आत घालावी. तिच्या आत दुसरं काही घालू नये, शिवणी काचतात. आणि या सगळ्याआधी, एकही रुपया न खर्चता, सीटची उंची नीट करावी. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. गुडघेदुखीची अर्धी रड सीट खाली असल्यामुळे असते.

आता ट्रेनरबद्दल. ट्रेनर म्हणजे शिकवणारा माणूस नव्हे. घरात सायकल चालवायच्या यंत्राला हा शब्द आहे. आपाच्या मुलाने, आमच्या भाच्याने, २०१९ साली सायकल आणि ट्रेनर दोन्ही घेतले. त्याला ब्रेव्हे करायची होती, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायचा. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. पण नोकरी बंगळूरला लागली, आणि २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला तेव्हा तो तिकडेच अडकला. सायकल आणि यंत्र कोंढव्याच्या तिसऱ्या मजल्यावर, चादरीखाली. आपा तेव्हा बावन्न वर्षांची. तिने चादर काढली. आधी चाक फिरवून पाहिलं. रिंगेत किंचित आउट होती. ती काढली. मग बसली.

तिला काही शिकवावं लागलं नाही. तिच्याकडचं यंत्र साध्या जातीचं आहे. मागच्या चाकाचा आस दोन बाजूंनी पकडून चाक उचलायचं आणि त्याला खालून एक रूळ टेकवायचा. रुळाच्या आत लोहचुंबक असतं, त्याने पायडल जड होतं. रूळ इतका दाबावा की जोर लावल्यावर टायर घसरू नये, त्याहून जास्त नाही. मागचं चाक वर गेल्याने सायकल पुढे झुकते, म्हणून पुढच्या चाकाखाली ठोकळा. याहून महाग यंत्रात मागचं चाक काढून चेन थेट यंत्रालाच बसवतात. ते आवाज कमी करतं आणि तुम्ही किती वॅट जोर लावता ते दाखवतं. तिसऱ्या जातीत नुसते तीन रूळ असतात, आधार काहीच नसतो, तोल आपला आपण सांभाळायचा. ते नवशिक्यासाठी नाही.

फ्लॅटमध्ये यंत्राखाली जाड चटई हवी, नाहीतर खालच्या घराच्या छतात घरघर उतरते. आपाने खालच्या मजल्यावर आधी विचारून घेतलं आणि असर ते मगरिब यांमधली वेळ ठरवून टाकली. समोर पंखा लागतो, कारण घरात अंगाला वारा नसतो आणि पाच मिनिटांत घामाच्या धारा लागतात. हँडलवर टॉवेल टाकावा. घाम खारट असतो, हँडलच्या नटबोल्टांना तो खाडीच्या हवेपेक्षा लवकर खातो. सराव सोपा आहे. दहा मिनिटं सावकाश, पूर्ण वाक्य बोलता येईल अशा दमाने. मग एक मिनिट जोरात, दोन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा. शेवटी पुन्हा सावकाश. त्या वर्षी एप्रिलच्या २५ तारखेला रमजान सुरू झाला. मशिदी बंद, तरावीह घरातच. आपा इफ्तारीच्या आधी अर्धा तास हलकं चालवायची, कारण तेव्हा पाणी जवळ आलेलं असतं. साखरेच्या माणसाने मात्र रोज्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, हे मधल्याला आम्ही दर वर्षी सांगतो.

त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. आम्ही फोनवर एकमेकांशी फार बोललो नाही. भाड्याच्या बारांपैकी पाच सायकली ॲटलासच्या होत्या. आणि त्याच वर्षी जुलैत टूर द फ्रान्सची आभासी शर्यत झाली, स्पर्धक आपापल्या घरात ट्रेनरवर. डिसेंबरात अशा घरबसल्या सायकलिंगची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि त्यात पुरुषांना आणि बायकांना अंतर एकच ठेवलं होतं, सुमारे पन्नास किलोमीटर. भाच्याने आपाला हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, जागच्या जागी बरोबरी सगळे देतात, रस्त्यावर द्या म्हणावं.

हे ती उगाच बोलली नव्हती. ट्रेनरवरच्या आपाचं सगळ्या नातेवाइकांना कौतुक होतं. फोटो मागवले जायचे, माशाअल्लाह म्हटलं जायचं. रस्ते खुले झाल्यावर तिने सायकल खाली नेणार म्हणून सांगितलं आणि फोन यायला लागले. इस उमर में? लोग क्या कहेंगे? घरात चालवतेस तेवढं पुरे नाही का, व्यायाम तर होतोच. चाक तेच होतं, पायही तेच. फरक दोन बोटांचा होता. चाक हवेत असेपर्यंत ते व्यायाम होतं. जमिनीला टेकलं की त्याला चालचलन म्हणतात.

ट्रेनर पाय तयार करतो, श्वास तयार करतो. तोल, वळण, ब्रेक, मागे वळून पाहणं, कुत्रा अंगावर आल्यावर न घाबरणं, यातलं काहीही शिकवत नाही. आपाच्या पायांत घाट चढायचं बळ आलं होतं आणि सायकल दहा फूट सरळ जात नव्हती. धाकटा मिरजेहून आला. मोठ्या माणसाला सायकल शिकवायची पद्धत अशी. सीट खाली करायची, दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. पायडलं काढून ठेवायची. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते आपाला सांगावं लागलं नाही, पाना तिच्याच हातात होता. मग किंचित उताराच्या जागेवर पायांनी ढकलत जायचं, पाय उचलायचे, पुन्हा टेकायचे. तोल आला की पायडलं परत बसवायची. मागून सीट धरून पळायची गरज नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार सकाळी हे चाललं. खिडक्या उघडायच्या आणि बंद व्हायच्या. पाचव्या सकाळी आपा फाटकातून बाहेर गेली.

कपड्यांवरून पुष्कळ बोललं गेलं म्हणून तेही सांगतो. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, निमुळती सलवार, घोट्याशी पट्टी, चेनला कव्हर. डोक्याला पातळ, बिनटाचणीचा हिजाब, त्यावर हेल्मेट. टाचणी हेल्मेटखाली टोचते आणि पडल्यावर घात करते. यात अडतं कुठे? बायकांच्या सायकलीची नळी खाली वाकवलेली असते आणि मागच्या चाकाला जाळी असते. कपडा अडकू नये म्हणून शंभर वर्षांहून आधी ही सोय कुणीतरी केली. कपड्याला जागा देण्यासाठी यंत्र वाकलं. माणसांना थोडं वाकायला काय हरकत आहे?

२०२१ सालच्या जानेवारीपासून आपा फजरनंतर सायकलीवर निघते. पुढच्या हिवाळ्यात ती बोपदेव घाट चढली. दोनदा उतरून सायकल ढकलली, दोनदा पाणी प्यायली. वर पोहोचल्यावर आम्ही दोघा भावांनी विचारलं, ट्रेनरवर आणि इथे काय फरक? ती म्हणाली, "इधर हवा लगती है." उतरताना तिने दोन्ही ब्रेक बेताने धरले, अंग मागे घेतलं, आणि आमच्यापेक्षा नीट उतरली. आता रविवारी तिच्याबरोबर आणखी तिघी असतात. दोघी तिच्याच इमारतीतल्या. कुणाची ट्यूब गेली की काटा शोधायचं काम आपाचं. त्या तिला मिस्त्री म्हणतात, आणि आता मिस्त्री कोण ते सगळ्यांना दिसतं.

ट्रेनर टाकून द्या असं आम्ही म्हणणार नाही. पुण्या-मुंबईचा पाऊस, रमजान, आजारातून उठल्यावरचे दिवस, लहान मूल घरात असतानाची वर्षं, या सगळ्यांत तो उपयोगी आहे. आजही आपाचं यंत्र जुलैत पुन्हा निघतं. पण ते साठवणीचं भांडं आहे. बळ त्यात साठवायचं असतं आणि एक दिवस बाहेर न्यायचं असतं. ज्या घरात मुलाची सायकल रस्त्यावर आणि मुलीची स्टँडवर आहे, त्या घराने व्यायामाचं नाव पुढे करू नये.

शेवटी एक साधी सूचना, कारण लोक हेच सगळ्यात जास्त विचारतात, हूक किती उंचीवर ठोकावा. सायकल मागच्या चाकावर उभी करून पुढचं चाक वर ढकललं की हुकात जावं आणि मागचं चाक जमिनीला जेमतेम टेकलेलं राहावं, म्हणजे सगळं वजन उचलावं लागत नाही. माप घेताना घरातल्या सगळ्यात उंच माणसाला उभं करू नका. सगळ्यात बुटक्या माणसाला बोलवा, बहुतेक घरांत ती आई असते किंवा मुलगी. तिला कुणाला न विचारता, स्टूल न घेता, स्वतःच्या हाताने सायकल उतरवता आली पाहिजे. तेवढ्या उंचीवर खूण करा आणि मग ड्रिल लावा.